गुडघ्यावर बसलेल्याचा नियम

लोकेशने फासे टाकले आणि त्याच्या सुभेदाराचा उजवा हात खांद्यापासून निघाला.

"गेला?" त्याने विचारलं.

"गेला. हाडासकट," धनराज म्हणाला. "लाळ्यानं तोंडात धरून दोन झटके दिले. कातडी थोडी लटकून राह्यली. रक्ताची चिळकांडी उडाली ते सीधी डॉक्टरच्या चष्म्यावर."

"माह्या चष्म्यावर काऊन बे?" डॉक्टरची भूमिका करणारा नदीम म्हणाला. "मी तं मागं उभा होतो."

"मागं होता म्हणून चष्म्यावर. समोर असता तं तोंडात गेली असती."

मूल गावच्या बसस्टँडजवळ नदीमचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि वर माळ्यावर ही लढाई चाललेली होती. रविवारची दुपार, खाली अर्धं शटर ओढलेलं. कागदाच्या खोक्यांवर जुन्या दाराची फळी टाकली होती, फळीवर खाकी कागद आणि कागदावर लाल खडूने रंगवलेलं परग्रहावरचं जंगल. लोकेश राईस मिलमध्ये मेकॅनिक. त्याने भंगारातल्या नटबोल्टचे अंतराळवीर केले होते. बोल्ट म्हणजे माणूस, वरचा नट म्हणजे शिरस्त्राण. लाळ्या नावाची जनावरं सायकलच्या ट्यूबची होती, दातांच्या जागी टाचण्या खोचलेली. गंमत वाटेल, पण गेल्या सहा महिन्यांत या टाचण्यांनी अकरा बोल्ट फाडून खाल्ले होते आणि प्रत्येकासाठी लोकेश खरोखर हळहळला होता.

लढाईचे नियम आयते मिळाले नव्हते. शिशाचे शिपाई टेबलावर मांडून अंतराळयुद्ध खेळणाऱ्या परदेशी लोकांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेली तीन चोपडी नदीमने इंटरनेटवरून शोधून काढली आणि दुकानातच छापून पिना मारल्या. पहिल्यात एक गोळी झाडायची तर सात तक्ते बघावे लागत. तोवर चहा निवायचा आणि शत्रू म्हातारा व्हायचा. दुसरं म्हणजे निव्वळ सापशिडी. तिसरं धनराजला पटलं. त्याचा वेग बरा होता, पण त्यात घाव लागलेला शिपाई नुसता उचलून बाजूला ठेवायचा, की संपलं. यांच्या खेळात तसं चालणार नव्हतं. यांचा प्रत्येक बोल्ट कोणीतरी होता. सुभेदाराची दाढ दुखायची, डॉक्टरला उंचीची भीती वाटायची. असा माणूस एका फाशावर उचलून ठेवायचा म्हणजे काय? मग धनराजने एकेक कलम जोडत नेलं. घाव कुठे बसला याचा फासा, किती खोल गेला याचा फासा, रक्त किती डावांत वाहून जाईल याचा फासा. दिवसभर मिलमध्ये धानातला ओलावा मोजणाऱ्या या शांत माणसाला मांस कसं फाटतं हे इतकं बारकाईने कसं ठाऊक, असं नदीमच्या मनात येई. पण पोंभुर्ण्याकडच्या, वाघांच्या रानातल्या माणसाला असा प्रश्न कोणी विचारत नाही.

एवढं सगळं त्याने वाढवलं आणि एकच गोष्ट काढून टाकली. तिन्ही चोपड्यांत एक ओळ सारखी होती. गुडघ्यावर बसलेल्या शिपायावर वार करणाऱ्याने फाशांच्या बेरजेतून दोन वजा करावे, कारण बसलेला माणूस लवकर सापडत नाही. ती ओळ त्याने तिन्ही ठिकाणी पेनाने अशी खोडली होती की कागद फाटला होता.

दहा वर्षांपूर्वी, धनराज सतरा वर्षांचा असताना, तो आणि धाकटी बहीण आईसोबत मोहफुलं वेचायला गेले होते. पहाटेचं फटफटलं होतं. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन काळी केलेली आणि तिच्यावर पिवळी फुलं पडलेली. तो शेताच्या धुऱ्यापलीकडच्या झाडाखाली होता आणि त्याची आई, भागीरथा, चाळीस पावलांवर. मध्ये घाणेरीचं झुडूप. कंबर मोकळी करायला ती उभी राहिली तेव्हा तिचं डोकं त्याला झुडपावर दिसलं, आणि त्याच वेळी तिच्या डावीकडे हललेलं पिवळं काहीतरी दिसलं. कॉलेजात एनसीसीला त्याला शिकवलं होतं, धोका दिसला की आधी खाली बसायचं. तो जीव खाऊन ओरडला, "खाली बस!" झुडपावरचं डोकं खाली गेलं. मग जो आवाज आला तो त्याने आजवर कुणाला सांगितलेला नाही. तो पोचला तेव्हा काळ्या जमिनीवर फरफटीची ओली रेघ नाल्याकडे गेली होती आणि रेघेच्या टोकाला आई मान उलटी होऊन पडली होती.

तेराव्यानंतर गावात सभा झाली. वनखात्याचा माणूस म्हणाला, वाघ दिसला तर वाकू नका, बसू नका, बसलेला माणूस त्याला जनावर वाटतो. उभे राहा, हात वर करा. लोकांनी माना डोलावल्या. धनराजचा बाप मुखरू यानेही डोलावली. आपल्या आईला आपण बसवून मारलं, हे त्या सभेत एकट्या धनराजला कळलं आणि त्याने ते गिळून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ मात्र त्याला आतून जाळत होती.

आज लोकेशने खिशातून दोन नवे बोल्ट काढून फळीवर ठेवले. भट्टीत तापवून मधोमध वाकवलेले. गुडघ्यावर बसलेले अंतराळवीर.

"आता हे दोघं बसले," तो म्हणाला. "वजा दोन दे."

"तो नियम आपल्यात नाई."

"तिन्ही पुस्तकात आहे ना. तू एकटाच काऊन खोडते? पुस्तकं लिवणारे सारे येडे अन् तू शहाणा?"

"बसलेला वाचत नाई."

"कोण म्हणते?"

"मी म्हणतो."

"मंग खेळ एकटाच. माहा रामराम." लोकेश खरंच उठला. बोल्ट वाकवायला त्याची अख्खी सकाळ गेली होती आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

नदीमने त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. कोपऱ्यात उर्वशी बसली होती, धनराजची धाकटी बहीण. चंद्रपूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, सुटीत आली की भावासोबत इथे यायची. खेळात ती यान चालवणारी तारा होती. ती वाकवलेल्या बोल्टांकडे पाहत राहिली.

"ठीक आहे," धनराज म्हणाला. "बसव. पाहू वाचते का."

त्याने फासे उचलले आणि दोन वजा करायच्या जागी दोन मिळवले. कोणाला विचारलं नाही.

"लाळ्या समोरून येत नाई," त्याने सुरू केलं. "तो मागून येते. आवाज करत नाई. बसलेल्याची मान त्याच्या तोंडाच्या बरोबर उंचीवर असते, त्याले उडी मारायची बी गरज नाई. वरचे दात इथी, खालचे इथी." त्याने स्वतःच्या मानेवर बोटं ठेवली. "मणका तुटते तं वाळल्या काडीवानी आवाज येते. माणूस मरत नाई लगेच. पाय हलत राहते. मंग तो फरफटत नेते. केस अडकते झुडपात, तं तो झटका देते. केस तिथीच राहते, कातडीसकट. अन् पोटापासून—"

"बस कर यार," नदीम म्हणाला.

धनराजने टाचण्यांचं तोंड दाबून वाकवलेल्या बोल्टवर आपटलं. बोल्ट फळीवरून उडून भिंतीवर लागला. लगेच त्याने लाळ्याला उचलून दुसऱ्या बसलेल्या बोल्टसमोर ठेवलं, त्याचाही जीव घेतल्याशिवाय जणू त्याला चैन पडणार नव्हतं.

तेव्हा उर्वशी पुढे सरकली. तिने आपली तारा उचलली आणि लाळ्या आणि बसलेला बोल्ट यांच्या मधोमध ठेवली.

"आता?" तिने विचारलं.

"आता काय?"

"तारा आड आली. आता घाव कोणाले?"

"तुहा डाव नाई."

"डाव नसन. आड आलेल्याचं काय, ते सांग."

"पुस्तकात नाई."

"पुस्तकात नाई ते मले माहीत आहे. तुले इचारून राह्यली मी."

नदीम उठला. घर जळत असलं तरी चहा किती साखरेचा ते आधी विचारणारा हा गडी, पण आज त्याने काहीच विचारलं नाही. "चाल बे," तो लोकेशला म्हणाला, "मशीनमधी कागद अडकला वाटते." मशीन सकाळपासून बंद होतं. लोकेश मुकाट्याने त्याच्या मागे जिना उतरला.

वर दोघं भाऊबहीण राहिले. उर्वशी फळीकडेच पाहत बोलली.

"तू ओरडला तं मी बसली."

धनराजला आधी समजलं नाही.

"त्या दिवशी. मी झुडपामागं होती, मायच्या बाजूनं. तू खाली बस म्हटलं अन् मी फुलाईवर फतकल मारून बसली. वाघ माह्याकडंच पाहून राह्यला होता, दादा. माय बसली नाई."

"तिची मुंडी खाली गेली. मी पाह्यलं."

"त्यानं पाडली म्हणून गेली. ती मधात आली. टोपली आडवी धरली अन् मधात आली. पळाली असती ती, तिची वाट मोकळी होती. मी बसली म्हणून ती पळाली नाई."

धनराजच्या छातीवर दहा वर्षं बसलेला धोंडा हलला. आई बसली नव्हती. त्याचं तिने ऐकलंच नव्हतं. तिला त्याच्या शब्दाने मारलं नव्हतं. हे त्याला इतक्या झटकन आणि इतक्या गोड रीतीने कळलं की क्षणभर समोर बहीण आहे हेही तो विसरला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, बोट पांढरं पडेपर्यंत.

"सहावीत होती तं शाळेत वनखात्यावाले आले," ती म्हणाली. "बसू नका म्हणे, वाघाले जनावर वाटते. साऱ्या पोरी हसल्या. मी घरी येऊन उलटी केली. बाबाले वाटलं उन्ह लागलं."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"मले वाटे तुले माहीत आहे. तू त्या दिवसाचं कधी नावच नाई काढलं. मले वाटे, राग आहे म्हणून नाई काढत."

खाली रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. तिने ओढणीचा आणखी एक वेढा बोटाला दिला.

"एकच सांग. खरं सांग. तू ते कोणाले म्हटलं होतं? मायले का मले? मायले म्हटलं असन, तं मी उगीच बसली."

त्याने ते आईला म्हटलं होतं. झुडपामागे उर्वशी आहे हे त्या क्षणी त्याच्या ध्यानातही नव्हतं. त्याला फक्त आईचं डोकं दिसलं होतं. एवढं एक खरं सांगितलं की तो आयुष्यभरासाठी सुटणार होता. आईने त्याचं ऐकलं नाही, आणि जी बसली तिला त्याने बस म्हटलंच नव्हतं. इतकं स्वस्तात सुटायला मिळत असताना कोण सोडतं?

"तुले," तो म्हणाला.

"खरं?"

"तू दिसत होती मले. तुलेच म्हटलं. नाव घेऊन म्हटलं असन, आता याद नाई."

उर्वशीने बोटाची ओढणी सोडली. तिचा चेहरा आधी वेडावाकडा झाला आणि मग ती रडली, लहान पोरं रडतात तशी, नाक वाहू देत. धनराज फळीला वळसा घालून तिच्याजवळ जाऊन बसला. तिला जवळ घ्यायची सवय त्यांच्या घरात नव्हती. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसला.

"म्हणजे मी आयकलं फक्त," बऱ्याच वेळाने ती म्हणाली.

"हो. तू आयकलं फक्त. चूक माही होती."

"तुले तरी कुठी माहीत होतं तवा," असं म्हणत तिने डोळे पुसले.

जिन्यावर पावलं वाजली. नदीम चार ग्लास घेऊन आला, मागून लोकेश. दोघांनीही उर्वशीच्या चेहऱ्याकडे न पाहण्याची फार मेहनत घेतली. लोकेशने भिंतीजवळ पडलेला आपला वाकवलेला बोल्ट शोधून काढला, फुंकर मारून पुसला आणि हातातच धरून ठेवला.

"मंग काय ठरलं?" त्याने जरा भीत भीतच विचारलं. "बसलेल्याचं?"

धनराजने तिसरं चोपडं ओढलं, फाटलेल्या ओळीच्या शेजारी समासात पेन टेकवलं आणि लिहायला लागला.

"वजा दोन," तो उर्वशीकडे पाहून म्हणाला. "पुस्तकात आहे तसंच. बसलेला वाचते."