निकाली

आत्या गिरणीच्या उंबऱ्याशी पाय दुमडून बसली होती आणि तिचा भाचा आत, थंड पडलेल्या मोटरीच्या ओट्यावर. दोघांच्या मधे जमिनीवर आमदारांचं वार्तापत्र पडलं होतं, गुळगुळीत, रंगीत. उन्हाची झळ आत शिरली की त्याचं वरचं पान झोपेत कूस बदलावी तसं किंचित उचललं जाई आणि पुन्हा मिटे.

गिरणी चालू असे तेव्हा तिच्या घरघरीखाली आमचं सगळं गाव बोलून घेई. भांडणं, सोयरिकी, कुणाच्या बांधावर कुणी दगड सरकवला, सगळं तिथंच, ओरडून. गिरणी बंद पडली आणि ओरडून बोलायची सवय लागलेल्या माणसांना शांततेत काय बोलावं हेच कळेनासं झालं. शेजारच्या दुकानात शिंप्याचं पायमशीन तेवढं चालू होतं. आता तेही थांबलं. कान इकडे लागले असणार.

"पुन्हा वाच," आत्या म्हणाली.

"किती वेळा वाचू, आत्या?"

"वाच रे. माझाच फोटो आहे ना वर? मी कशाला हसतेय ते मला कळू दे."

भाच्यानं वार्तापत्र उचललं. त्याचा आवाज वाचताना आपोआप पुस्तकी झाला. "माननीय आमदारांच्या अथक पाठपुराव्यामुळे गिरणीचालक महिलेची रोहित्राबाबतची तक्रार निकाली."

"हा रोहित्र कुणाचा पोरगा?" भिंतीपलीकडून शिंपी म्हणाला.

"डीपी, काका. डीपीलाच रोहित्र म्हणतात."

"मग सरळ डीपी म्हणायला जीभ अडते का त्यांची? मला वाटलं, आत्यानं कुणावर फिर्याद केली."

डीपी गावाच्या वरच्या अंगाला, काळ्या रानाच्या कडेला होता. उन्हाळा तापायला लागला तशी एका दुपारी त्याच्या पोटातून धूर निघाला आणि तो गप्प झाला. गावातल्या घरांची वीज दुसरीकडून येई, त्यामुळे घरांना कळलंही नाही. वरच्या अंगाच्या रानांत पिकं निघून गेली होती, भेगाळलेल्या मातीत नुसते सड उभे होते, तिथल्या पाण्याच्या मोटरींना पुढल्या हंगामापर्यंत काम नव्हतं. त्या डीपीवाचून अडलं ते एकट्या आत्याचं. बायका डोक्यावर गहू घेऊन बांधाबांधानं शेजारच्या गावच्या गिरणीला जाऊ लागल्या. आधी आत्यापुढून जाताना त्या थांबत, अपराध्यासारखं काहीतरी बोलत. मग मान खाली घालून जाऊ लागल्या. आता त्या वरच्या वाटेनं जातात. गिऱ्हाईक तुटतं ते असं, भांडून तुटत नाही. आणखी एक हंगाम असाच गेला तर त्यांच्या पायांना त्याच वाटेची सवय पडेल, हे आत्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी ती दर आठवड्याला गिरणीचे दगड उघडून त्यांना टाकी लावायची. न फिरलेल्या दगडांना कसली धार लावतेस, असं विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

"तू लिहिलंस ना हे?" तिनं विचारलं.

भाच्यानं मान हलवली. आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात वार्तापत्राचं काम त्याच्याकडेच होतं.

"डीपी जळका, हे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग?"

"मला वाटलं, छापून आलं की करावंच लागेल. तिथं असंच चालतं, आत्या. आधी बातमी, मग काम. लाजेखातर तरी करतात. तुझं काम पुढं सरकावं म्हणूनच पहिल्या पानावर घेतलं मी."

"सरकलं की. मी गेले होते वीज ऑफिसात. तिथल्या साहेबानं फाईल उघडून दाखवली. हेच पान कापून चिकटवलंय त्यानं, माझ्या हसऱ्या तोंडासकट. म्हणाला, आमदारच म्हणतात झालं, तर नाही म्हणणारा मी कोण? निकाली म्हणजे संपलं, बाई. संपलेलं पुन्हा कसं उघडायचं?" ती थांबली. "मी म्हटलं, खरंय. निकालच लागला माझा."



हा पोरगा याच गिरणीत वाढला होता. भाऊ अकाली गेला, भावजय माहेरी जाऊन परत आली नाही, आणि आत्यानं याला पिठाच्या पोत्यांच्या आडोशाला झोपवून मोठं केलं. त्याची पुस्तकं पांढरी, पापण्या पांढऱ्या. उंबऱ्यावर आला की तो दोन्ही हातांनी अंग झटकायचा, मग बाहेर पडायचा. पुढं शहरात कॉलेजला गेला तेव्हा म्हणे वर्गातून निघतानाही शर्ट झटकायचा, आणि पोरं हसायची. त्याला नोकरी लागली तेव्हा आत्यानं गिरणीच्या गोंगाटावर ओरडून एकेका गिऱ्हाइकाला ते सांगितलं होतं.

"आज दुपारी साहेब येतायत," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "सेवा शिबिर आहे. तुला स्टेजवर दोन शब्द बोलायचेत."

"कसले?"

"आभाराचे."

"आणि खरं बोलले तर?"

"तर माझं काही खरं नाही. त्यांच्या नावानं खोटं छापलं म्हणून उद्याच घरी पाठवतील." तो घाईनं पुढं म्हणाला, "आज एवढं निभावून ने. मग मी नवीन तक्रार टाकतो, दुसऱ्या कुणाच्या नावानं. काकांच्या टाकतो."

"माझ्या?" भिंत म्हणाली. "मी पायानं शिवतो, बाबा. विचारतील, डीपी कशाला हवा, गुडघ्याला बांधायला?"

आत्या उठली. घागरीतलं पाणी घेऊन तिनं तोंड धुतलं. "येते मी," एवढंच म्हणाली.

शिबिर शाळेच्या पटांगणात होतं, गिरणीपासून हाकेच्या अंतरावर. मांडवाच्या मागं जनरेटर धडधडत होता; त्याच्यावर पंखे, माईक, थंड पाण्याची पेटी. उन्हानं कापड पिवळं दिसत होतं. आमदार गोड माणूस, प्रत्येकाला नात्यानं हाक मारणारा. कुणाला चष्मे वाटले, कुणाला काठ्या, आणि मग भाच्यानं कानाशी काही सांगितल्यावर ते माईकवर म्हणाले, "या, आमच्या गिरणीवाल्या ताई या. सांगा सगळ्यांना. झाली ना गिरणी सुरू?"

आत्यानं माईककडं पाहिलं, मग भाच्याकडं. मांडवात ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस एकच होता, आणि त्यानंच प्रश्न विचारला होता.

"साहेब," आत्या म्हणाली, "तुमच्या हातानं सुरू व्हावी अशी माझी इच्छा आहे. ही काय, समोर आहे. चला."

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. आमदार खूश झाले. भाचा पुढं झाला, "साहेब, वेळ..." म्हणाला, पण त्यांनी हातानंच त्याला बाजूला केलं. "अरे, लोकांसाठीच तर वेळ आहे."

गिरणी झाडून ठेवलेली होती. वरच्या पेटीत गहू ओतलेला, खाली स्वच्छ डबा लावलेला. पट्टा ताणून बसवलेला. आत्यानं स्टार्टरवरची धूळ फडक्यानं पुसली आणि हिरवं बटण दाखवलं. फोटोग्राफर पोत्यावर चढला.

"दाबा, साहेब."

त्यांनी दाबलं. बटणाचा टक् असा कोरडा आवाज झाला. गहू होता तिथंच राहिला. लांबून, मांडवामागून, जनरेटरची धडधड तेवढी ऐकू येत होती. आमदारांनी पुन्हा दाबलं, हलकेच, जसं झोपलेल्या माणसाच्या खांद्याला हात लावावा.

"साहेब, जरा इकडे बघून," फोटोग्राफर म्हणाला.

त्यांनी बघितलं. हसू जागचं हललं नव्हतं. फक्त डोळे त्यातून निघून गेले होते. फोटो निघाला. बटणावरचं बोट काढत ते भाच्याला खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघून घ्या." मग आत्यापुढं हात जोडले, "मोठं काम करताय, ताई," असं म्हणाले आणि गर्दी घेऊन बाहेर पडले. जरा वेळानं माईकवर त्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला, सुरळीत.

गिरणीत दोघंच उरली. शिंपी दारापर्यंत येऊन थांबला होता.

आत्यानं पट्ट्यावर हात ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा.

"फोटो चांगला आला असेल," ती म्हणाली. "खाली काय लिहिशील?"

भाचा उभा होता. मांडवातून कुणीतरी त्याला हाक मारली. तो उंबऱ्यापर्यंत आला, थांबला, आणि दोन्ही हातांनी शर्ट झटकला, बाह्या झटकल्या, खांदे झटकले. त्या गिरणीत कित्येक दिवसांत पिठाचा कण उडाला नव्हता. मग तो उन्हात उतरला आणि मांडवाकडं चालू लागला.