बहीण काझमारेक यांना खाली बसवणारा हातोडा

मित्रांनो, मी हातोडा आहे, पण जन्मात एक खिळा ठोकलेला नाही. अमेरिकेत ओहायोतल्या विजेच्या मोटारींच्या कारखान्यात १९३७ साली संप झाला, तेव्हा फाटकावर पहारा देणाऱ्या एका सुताराने मला मेपलच्या लाकडातून घडवलं. संप जिंकला आणि मी कामगार संघटनेच्या अध्यक्षांच्या टेबलावर आलो. सभेत गोंगाट झाला की मला आपटायचं, एवढंच काम.

आमच्याकडे आडनावाआधी भाऊ नाहीतर बहीण लावायचंच. कोणी विसरला, की मागून आवाज यायचा, "का रे, तो काय मालक लागून गेला?" मला या रिवाजाचा फार अभिमान होता.

तारा गुंडाळण्याच्या खात्यातली लोरेटा काझमारेक आमची चिटणीस. दुसरं महायुद्ध संपलं तरी बायकांना पुरुषांपेक्षा कमीच मजुरी होती. ती दर सभेत विचारायची, "तार तीच, यंत्र तेच, मग दर वेगळा का?"

पुढे कायदा आला. आपण कम्युनिस्ट नाही, असं पदाधिकाऱ्यांनी शपथेवर लिहून द्यायचं, नाहीतर सरकार संघटनेची दाद घेणार नाही. लोरेटाने सही केली नाही. "बारा वर्षं मला ओळखता ना? मग कागदाला काय विचारता?"

१९४९च्या शरदात तिला संघटनेतून काढायची सभा भरली. अध्यक्ष स्टीव्ह हुदाक वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. संपात त्याची पोरं तिच्याच हातचं सूप पिऊन जगली होती. ती बोलत होती, "मला काढा, पण करारातलं बायकांच्या समान दराचं कलम..."

"मिसेस काझमारेक, खाली बसा," तो म्हणाला, आणि मला तीनदा आपटलं.

मिसेस! मागून कोणी आवाज दिला नाही. माझ्या आवाजात तिचं वाक्य बुडालं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तिला काढलं, आणि त्या वर्षीच्या करारातून ते कलमही गुपचूप गळलं.

नंतर पेन्शन मिळाली, दवाखान्याचा विमा मिळाला. खोटं कशाला बोलू, लोकांचं भलं झालं. पण करार वकील लिहू लागले आणि सभेला वीस माणसं जमेनात.

स्टीव्ह निवृत्त झाला तेव्हा मला त्यालाच भेट दिलं. त्याची बायको वारली, तेव्हा लोरेटा कोबीचे रोल घेऊन भेटायला आली. मी फळीवरच होतो. तो खाली मान घालून म्हणाला, "बहीण काझमारेक, त्या दिवशीचं तुझं बोलणं आज पुरं कर."

"आता कुणाला सांगू, स्टीव्ह? त्या बायका कमी दरातच म्हाताऱ्या झाल्या."

मित्रांनो, मला हातात घ्याल तेव्हा आधी समोरच्याचं बोलणं संपू द्या. मला आपलं आपण थांबता येत नाही.