दुसऱ्या कडव्यातली शिंक

माझी धाकटी पाच वर्षांची असताना डॉक्टर म्हणाले, ही स्वमग्न आहे. मी म्हटलं, आमच्या घरात दुसऱ्यात मग्न कोण आहे ते दाखवा. आज ती चौतीस वर्षांची आहे आणि तिच्यासारखी काजं आख्ख्या बाजारात कोणी करत नाही. मी चौथीत शाळा सोडली, पण काज कळतं मला.

आमचं शिवणाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत. सकाळी मशीनवर बसण्याआधी धाकटीला एक गाणं लागतं. तिच्या बापाने रेडिओपुढे टेपरेकॉर्डर धरून कॅसेटवर भरून घेतलेलं. तीनदा ऐकायचं, मग दिवसभर मान वर नाही. काही गिऱ्हाइकं हसायची. त्यांच्या बाह्या माझ्याकडून तोकड्या शिवल्या जायच्या.

गेल्या महिन्यात टेपरेकॉर्डरने कॅसेट चावली. फितीचा गुंता हातात आला. धाकटी कानांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून बसली. तीन दिवस मशीनला हात नाही, जेवण दोन घास. दवाखान्याच्या कोटांचा ढीग बिनकाजाचा पडला होता. कोट गेले खड्ड्यात, पण पोर जेवेना तर मला घास उतरेना.

थोरला भारी हुशार. त्याने तेच गाणं मोबाइलवर शोधलं. गायक तोच, वर आवाज स्वच्छ. धाकटीने दुसऱ्या कडव्यापर्यंत ऐकलं आणि मोबाइल उचलून चिंध्यांच्या पोत्यात टाकला. थोरला म्हणाला, हिला काही कळत नाही. मी म्हटलं, तुलाही पोत्यात टाकायला हवं होतं.

मग तिला विचारलं, यात काय राहिलं?

भिंतीकडेच बघत ती म्हणाली, "बाबा शिंकतात. मग तू ओरडतेस. मग मी काजं करते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गाणं भरताना हे शिंकले होते आणि मी आतून करवादले होते, तोंडावर हात धरता येत नाही का म्हणून. हे जाऊन दहा वर्षं झाली. रोज सकाळी तीनदा शिंकत होते बिचारे, मीच कान दिला नव्हता.

पोत्यातून मोबाइल काढला. दुसरं कडवं आलं तसा थोरला शिंकला. धाकटीने नाही म्हणून मान हलवली. तिचं बरोबरच होतं, बायकोला विचारून शिंकल्यासारखी शिंक. शेवटी मीच शिंकले. नवऱ्याची शिंक तीस वर्षं सोसलीय, पाठ आहे मला. पाठोपाठ ओरडलेही.

"चुकलं," धाकटी म्हणाली. "आधी ओळ संपते."

मला चूक म्हणायची माझ्या सासूची छाती झाली नव्हती. पुन्हा शिंकले.

"तू चिडली नाहीस."

हे ऐकायचं तेवढं राहिलं होतं. मी चिडत नाही म्हणे, विचारा गल्लीत कोणालाही. सातव्या खेपेला मी खरोखरच भडकले आणि सगळं जागेवर बसलं. धाकटी उठली, मशीनचं झाकण काढलं, पहिला कोट ओढला.

थोरल्याने आता ते सगळं मोबाइलमध्ये भरून ठेवलंय, मी नसेन तेव्हासाठी. मी आहे तोवर मात्र जातीने शिंकते. परवा धाकटी म्हणाली, आज चांगली शिंकलीस. माझ्या शिवणाला तिने अजून एकदाही चांगलं म्हटलेलं नाही.