गच्चीवर गेलेला आतला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. पण ज्याच्यावर नावाची पाटी असते, तो नव्हे. मी आतला, मधल्या खोलीचा. आमच्या घरात दरवाजा म्हटलं की सगळ्यांना बाहेरचाच आठवतो, आणि माझी पोटदुखी तिथूनच सुरू होते.

आम्ही दोघे या घरात एकाच दिवशी आलो. त्याला वखारीतून निवडून आणलं होतं, अंगभर वेलबुट्टी कोरलेला. मला आईच्या धाकट्या भावाने, सुतारमामाने, उरलेल्या प्लायवूडमधून बनवलं. सपाट आणि कोरा. त्याला दर वर्षी पॉलिश मिळायचं, मला ओले टॉवेल. पाहुणे आत येता येता त्याच्यावरून हात फिरवत, "काय सुरेख काम आहे हो," म्हणत, आणि इकडे माझा तिळपापड व्हायचा. खरं तर या घरातली एकुलती एक लेक माझ्या आडोशाने वाढली. परीक्षेचं वेळापत्रक तिने माझ्यावर चिकटवलं. आईशी बिनसलं की मलाच धाडकन आपटलं. बाहेरच्याला कधी कुणी आपटलं नाही, त्याचाही मला हेवा वाटायचा.

मग लेकीचं लग्न ठरलं. लग्न नोंदणी कार्यालयात आणि संध्याकाळी रिसेप्शन. बाबा औषधांच्या दुकानात कामाला. ते एका हॉलचं भाडं विचारून आले आणि घटाघटा पाणी प्यायले.

"गच्ची आहे की आपली," लेक म्हणाली. "केक, सँडविच, सरबत. एवढंच करू, पण नीट करू."

दिवे शेजाऱ्यांनी दिले, खुर्च्या घराघरातून गोळा झाल्या. घोडं अडलं ते खाणं मांडायच्या टेबलावर. टेबल भाड्याने आणायचं तर केक लहान करावा लागणार होता, आणि मुलाकडच्यांसमोर केक कमी पडला असता तर बाबांना मान वर करता आली नसती.

मामा घरभर नजर फिरवत बसला होता. तो म्हणाला, "एक दार काढू. दोन पिंपांवर आडवं टाकलं की झालं टेबल."

बाहेरच्याची छाती लगेच फुगली. पण मामाने मान हलवली. "हे नको. या नक्षीवर एक ग्लास सरळ उभा राहायचा नाही. आतलं घेऊ. छान सपाट आहे."

मित्रांनो, माझं सपाटपण कुणाच्या उपयोगी पडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी बाहेरच्याकडे बघून घेतलं. पण माझा तोरा फार टिकला नाही. माझ्या बिजागऱ्या पार खिळखिळ्या झाल्या होत्या. मामाने विचारलं, "ताई, हे परत बसवायचं ना? नव्या बिजागऱ्या लागतील."

आई म्हणाली, "लेक गेल्यावर त्या खोलीला दार हवंय कशाला? पडदा लावू."

"मग मी नेतो. फळ्या होतील याच्या," मामा म्हणाला.

अशा रीतीने मी गच्चीवर चढलो. माझी कडी काढली, त्या भोकात कुणाचा पेला कलंडू नये म्हणून केक नेमका तिथेच ठेवला, आणि मला पांढऱ्या चादरीखाली झाकून टाकलं. मग काय, जो येईल तो चादरीचं कौतुक करू लागला. वजन मी पेलत होतो आणि भाव ती खात होती.

मुलाच्या आईने माझ्यावर हात टेकून पाहिला. "टेबल भक्कम आहे. कुठून आणलंत?"

बाबा घुटमळले. लेकच म्हणाली, "टेबल नाही ते, माझ्या खोलीचं दार आहे."

बाबांचा चेहरा उतरला. मुलाच्या आईने चादरीचं टोक उचलून मला नीट निरखलं. "आमच्या वेळी आम्ही पलंग लावला होता," ती म्हणाली. "तो मधोमध खचला आणि सगळं खाणं एका जागी गोळा झालं. तुमचं डोकं बरं चाललं." ती हसली, मग बाबाही हसले, आणि केक सगळ्यांना पुरला. माझं कौतुक ऐकायला बाहेरचा दरवाजा तिथे नव्हता, एवढंच मला लागून राहिलं.

दुसऱ्या दिवशी मला खाली आणून भिंतीला टेकवून ठेवलं. माझ्या जागी फुलाफुलांचा पडदा आला. त्याचं काम काय, तर पंखा लागला की हलायचं. तरी शेजारीण म्हणाली, "आता खोली किती मोठी वाटते." माझा नुसता जळफळाट झाला. फळ्या व्हायची वाट बघण्यापलीकडे मला काही उरलं नव्हतं.

दुपारी आई लेकीच्या खोलीत गेली. मागे राहिलेला कंगवा हातात घेऊन पलंगावर बसली आणि तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात पडदा उडाला. समोर बाबा पेपर वाचत होते. आई झटकन उठून बाहेर आली आणि उगाच भांडी लावत बसली. थोड्या वेळाने ती पुन्हा आत गेली, पुन्हा पडदा उडाला. शेवटी तिने मामाला फोन लावला.

"ते दार परत बसवून दे."

मामाचा आवाज मला ऐकू आला. "अगं, पडदा बरा दिसतोय की. उगाच खर्च."

"होऊ दे खर्च. मला घटकाभर दार लावून बसायचंय."

 मामा बिजागऱ्या घेऊनच आला आणि त्याने मला कडीसकट परत जागेवर बसवलं.

तो गेल्यावर आईने मला लावलं, कडी घातली, आणि मला पाठ टेकून जमिनीवर बसून मनसोक्त रडली. बाहेरून बाबा आले. त्यांनी मला ढकलायला हात उचलला, आतला आवाज ऐकला आणि हात खाली घेतला. मग खुर्ची ओढून तिथेच बसून राहिले. दोघांच्या मधे मी होतो. हे काम बाहेरच्याला जन्मात जमलं नसतं, आणि खरं सांगतो, त्या विचाराने मी जरा फुगलोच.

मित्रांनो, बाहेरच्या दरवाजाला खुशाल पॉलिश करा. पण तेलाचे दोन थेंब आमच्या बिजागऱ्यांनाही घालत जा. आणि घरातलं एखादं आतलं दार लावलेलं दिसलं, तर लगेच ढकलू नका. त्यामागे आपलंच कुणीतरी असतं. खुर्ची ओढा आणि जरा बाहेर बसा.