सेहेरचा निळा पासपोर्ट

मित्रांनो, मी मुदत संपलेला एक निळा तुर्की पासपोर्ट आहे. माझे कोपरे झिजले आहेत. जर्मनीतल्या डुइसबुर्ग शहरात, रझा या पोलाद कामगाराच्या घरी माझं आयुष्य गेलं.

माझ्यातला फोटो त्यांच्या मुलीचा, सेहेरचा. ती जन्मली इथे. तिचा जर्मन पासपोर्टही माझ्याच शेजारी कपाटात असे. उन्हाळ्यात आम्ही दोघेही तिच्यासोबत समुद्राकाठच्या आजोळी जायचो. किती मानाचे दिवस होते ते!

पण तेव्हा कायदा असा होता, की दोन नागरिकत्वं असलेल्या मुलांनी तेवीस वर्षांचं होण्याआधी एकच देश निवडायचा. नाहीतर जर्मन नागरिकत्व जायचं. सेहेरचा थोरला भाऊ तायफून अग्निशमन दलात होता. नोकरी टिकावी म्हणून त्याने तुर्की नागरिकत्व सोडलं. त्या संध्याकाळी रझा चहालाही बसले नाहीत.

मग सेहेरची पाळी आली. ती शिक्षिका होण्यासाठी शिकत होती, आणि सरावासाठी शाळेत शिकवतही होती. रझा तिला म्हणाले, "पोरी, सोड मला. म्हणजे… तो पासपोर्ट सोड. नोकरीचं बघ."

"मी काही सोडणार नाही, बाबा. आणि गप्पही बसणार नाही," ती म्हणाली.

तिने मला पर्समध्ये टाकलं आणि या कायद्याविरुद्धच्या गावोगावच्या सभांना नेलं. एका सभेत एक गृहस्थ उठले. "मुली, खरं सांग, मनाने तू कुठली?"

"इथे मी मुलांना गणित शिकवते. तिकडे आजीच्या बागेत फळांची पोती भरते," सेहेर म्हणाली. "दोन्हीकडे मला हे कुणी विचारत नाही हो. सरळ कामाला लावतात."

सभा हसली. ते गृहस्थही हसले. मला तिचा फार अभिमान वाटला.

तिचा तेविसावा वाढदिवस येण्याआधीच कायदा बदलला. इथे वाढलेल्या मुलांना दोन्ही नागरिकत्वं ठेवता येणार होती. घरात पेढ्यांसारखा बकलावा वाटला गेला. तायफूनने एक तुकडा उचलला आणि म्हणाला, "तुझं झालं, ताईसाहेब. माझं काय?"

सेहेरने सभा थांबवल्या नाहीत. दरम्यान माझी मुदत संपली, मी खणात पडलो. वाईट वाटलं, पण माझ्या जागी नवा आला होता, हे काय कमी?

बऱ्याच वर्षांनी कायदा पुन्हा सैल झाला, आणि सगळ्यांनाच दोन नागरिकत्वं ठेवता येऊ लागली. तायफूनने तुर्की नागरिकत्व परत मिळवण्यासाठी अर्ज केला. एके दिवशी त्याने नवं तुर्की ओळखपत्र वडिलांपुढे ठेवलं. रझा आता थकले होते. त्यांनी चष्मा लावला, कार्ड उलटवलं आणि बोट ठेवून हळूहळू वाचलं, "वडिलांचं नाव, रझा."

"बाबा, ते आधीही तेच होतं," तायफून म्हणाला.

"असू दे. मला वाचू दे," रझा म्हणाले, आणि त्यांनी ते पुन्हा वाचलं.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही दोन गावांचं एखादं मूल असेल. त्याला एकच गाव निवडायला लावू नका. दोन्ही गावांच्या गोष्टी विचारा, आणि त्या ऐकायला पुरेसा वेळ घेऊन बसा.