खिडकीतून डोकावणारी रिंग

बारकी आता काकांपेक्षा वीतभर उंच झाली होती, पण नाव काही सुटलं नव्हतं. सोमवारपासून ही पुतणी झाडं उतरवण्याची स्वतःची कामं घेणार होती. त्यासाठी तिने एक जुनी चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी करवत, घेतली होती. पिस्टन जळालेला, सिलिंडर आतून ओरबाडलेला. कंपनीचे भाग यायला महिना लागणार, तेव्हा काकांनीच छातीठोकपणे सांगितलं की बाहेरच्या बनावटीचा पिस्टन-सिलिंडरचा जोड घेऊ, मी निवडून देतो. दुकानात चार खोकी उघडून त्यांनी हा जोड उचलला होता.

मागच्या खोलीत टेबलावर वर्तमानपत्र पसरून ते आता तपासायला बसले. सिलिंडरच्या भिंतीत हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला खिडक्या असतात. त्यांच्या कडांवरून त्यांनी कापसाचा बोळा फिरवला. एकही तंतू अडकला नाही. मग पिस्टनभोवती बसणारी, एका जागी तुटक असलेली रिंग एकटीच सिलिंडरमध्ये ठेवून पिस्टनने सरळ आत ढकलली आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत गेजची पातळ पट्टी घालून पाहिली. फट कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, हे ते सांगू लागले, तर बारकीने वाक्य त्यांच्याआधीच पूर्ण केलं. लहानपणापासून ऐकत आली होती.

“पास,” काका म्हणाले. “बसव आता.”

बारकीने रिंग पिस्टनवर चढवली, पण इंजिनाला हात लावला नाही. पिस्टन नुसताच सिलिंडरमध्ये सरकवून ती हवेच्या खिडकीवर बॅटरी मारत राहिली. नवी सून पाहायला आल्यासारखी काय निरखतेस, काकांनी विचारलं.

“काका, टोकं खिडकीतून डोकावतायत.”

रिंग फिरू नये म्हणून पिस्टनच्या खाचेत, तिच्या दोन टोकांच्या मधोमध, एक बारीक खिळा असतो. त्यामुळे तिची टोकं कायम भरीव भिंतीवरूनच घासत जातात. इथे खिळाच चुकीच्या जागी होता. इंजिन चालू झाल्यावर टोकं खिडकीच्या कडेला अडकून रिंग मोडली असती आणि तिच्या तुकड्यांनी सिलिंडरही गेला असता.

काकांना वाटलं, हिने पिस्टन उलटा घातला. पण त्याच्यावरचा बाण हवा तसा धुराच्या खिडकीकडेच होता. मग ते म्हणाले, एवढंसं तर आहे, चालून जाईल. बारकीने बॅटरी त्यांच्या हातात दिली. तिचं गणित चुकलं की काका जसे गप्प बसून राहत, तशीच बसून राहिली.

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

“नाही चालायचं,” ते म्हणाले. “सोमवारच्या कामाचं काय करशील?”

“पुढे ढकलते. झाड कुठे पळून जातंय?”

काकांनी दुकानदाराला फोन लावला. तुम्हीच तर डोळ्यांत तेल घालून निवडला होता, तो म्हणाला.

“मीच निवडला, चुकलो,” काका म्हणाले. “बाकीचे जोड कुणाला देऊ नकोस. पुतणी बघायला येतेय.”

बारकी रिंग सोडवत होती, दोन्ही अंगठ्यांनी, हळूहळू.