उजेडाचा चौकोन

ठकी पलंगावरून पडली ती मनगटावर. मनगट टम्म फुगलं. आता एक्स-रेच्या टेबलावर पडून रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं. बाप किरणं अडवणारा शिशाचा जड एप्रन घालून तिचा कोपर धरून उभा होता. टेक्निशियनने वरच्या यंत्राचा दिवा लावला, तसा टेबलावर उजेडाचा मोठा चौकोन पडला.

"हात या उजेडातून हलू देऊ नका. किरणं एवढ्याच भागावर पडतात."

आईने पाहिलं. चौकोनात मनगट होतंच. शिवाय ठकीची छाती, पोट, फ्रॉकवरचं बदक, सगळं उजळून निघालं होतं.

"दुखतंय मनगट. पोटावर कशाला?"

"लहान मुलं वळवळतात हो, ताई. चौकोन मोठा ठेवला की हात निसटत नाही. नको तेवढं मी नंतर कॉम्प्युटरवर कापून टाकतो."

"फोटोतलं कापाल. पोरीच्या पोटातून गेलं ते कसं कापणार?"

"अगं, बाहेर रांग लागलीय," नवरा कुजबुजला. "थोडीशी तर किरणं. तुझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटायची नाही."

"थोडीशी ना? मग काढ तो एप्रन!"

नवऱ्याने एप्रन काढला नाही.

"तुम्ही बाहेर थांबा बघू," म्हणत टेक्निशियन काचेमागे निघाला, आणि आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने ठकीला उचलून कडेवर घेतलं.

"चौकोन लहान करा. नाहीतर काढा रिकाम्या टेबलाचा फोटो."

तो तोंड वाकडं करत परत आला. यंत्राची दोन गोल बटणं फिरवली. चौकोन आक्रसत ठकीच्या पंजाएवढा झाला. बस्स. यंत्र जुनं असेल, कुणाची परवानगी लागत असेल, असं काहीबाही आईच्या मनात आलं होतं. आणि नुसती दोन बटणं! राग उतरायचा तो आणखीच चढला.

ठकीला पुन्हा टेबलावर निजवून ती दाराबाहेर गेली. फोटो पहिल्याच खेपेला नीट आला. हाडाला बारीक चीर होती. आईने आत येऊन ठकीला कडेवर घेतलं.

"झालं समाधान?" टेक्निशियन म्हणाला आणि पुढच्यांना हाक मारता मारता सवयीने बटणं उलटी फिरवली. चौकोन पुन्हा टेबलभर पसरला.

आत एक बाई येत होती. कडेवर वर्षाचं बाळ, त्याचं पाऊल सुजलेलं. आईने ठकीला बापाकडे दिलं आणि दार धरून उभी राहिली.

"अहो, दिवा लावला की उजेड कुठवर पडतो ते आधी बघा. गुडघ्याच्या वर आला तर बाळाला खाली ठेवूच नका. मी आहे इथे."